कॅसेटवरून डीव्हीडी करताना आवाज मागे पडतो, चित्र तुटतं, रंग जातो: काय आणि कसं तपासायचं

लग्नाची, बारशाची, गावच्या जत्रेची व्हीएचएस कॅसेट संगणकावर घेऊन डीव्हीडी करायला बसलं की तक्रारी ठरलेल्या असतात. पहिला अर्धा तास सगळं छान चालतं, मग हळूहळू ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. चित्राचा वरचा भाग वाकडा होतो. रंग गायब होतात. नाहीतर डिस्क लॅपटॉपवर चालते आणि टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली की 'नो डिस्क'. अशा वेळी पहिला हात सॉफ्टवेअरवर जातो. एक काढून दुसरं टाकतात आणि पुन्हा तेच होतं, कारण दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

कॅसेटपासून डिस्कपर्यंत सहा टप्पे येतात: कॅसेट, व्हीसीआर, वायर, कॅप्चर (चित्र-आवाज संगणकात फाइल म्हणून घेणं), एन्कोडिंग (ती फाइल डीव्हीडीच्या पद्धतीत बसवणं) आणि बर्निंग (डिस्क जाळणं, म्हणजे तिच्यावर लिहिणं). दोष कोणत्या टप्प्यावर शिरला ते आधी ठरवा. त्यासाठी तीन ठिकाणी थांबून बघायचं. व्हीसीआर थेट टीव्हीला जोडा; टीव्हीवरच मुंग्या, पट्टे, घरघर असेल तर संगणकाला हात लावू नका. टीव्हीवर ठीक दिसलं तर कॅप्चर झालेली मूळ फाइल कशी आहे ते पाहा, एन्कोडिंगच्या आधी. तीही ठीक असेल तर डिस्क जाळण्याआधी हार्ड डिस्कवर तयार झालेलं 'व्हिडिओ टीएस' फोल्डर व्हीएलसीमध्ये चालवा. ज्या ठिकाणी दोष पहिल्यांदा दिसला, त्याच्या आधीचा टप्पा तपासायचा.

यात एक अपवाद ध्यानात ठेवा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही डळमळीत सिग्नल सांभाळून घेतो. त्यामुळे टीव्हीवर चित्र स्थिर दिसलं तरी कॅप्चर कार्डाला तो सिग्नल पचेलच असं नाही. याबद्दल पुढे आवाजाच्या भागात.

सुरुवातीच्या चाचण्या नको असलेल्या कॅसेटवर करा. दर वेळी चालवली की फीत थोडी झिजते, आणि मशीनने रीळ खाल्लं तर लग्नाचं खायला नको. शिवाय कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडलेला आहे का ते बघा. तो शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

कॅसेट कुठे ठेवलेली होती?

हा प्रश्न साताऱ्या-सांगलीत सगळ्यात आधी विचारायला हवा, कारण एकाच जिल्ह्यात दोन टोकांची हवा आहे. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या बाजूला पावसाळाभर ओल, त्यामुळे बुरशी. माण, खटाव, आटपाडी, जतच्या घरांतल्या कॅसेटना बुरशी कमी, पण बारीक धूळ आत जाऊन बसलेली असते, आणि ती फीत व हेड (व्हीसीआरमधला फीत वाचणारा भाग) दोन्ही घासते. कृष्णा-वारणाकाठच्या घरांत तिसरा प्रकार: 2005, 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी शिरलेल्या कॅसेट.

बुरशी ओळखायला कॅसेटची पारदर्शक खिडकी पुरेशी असते. कॅसेट उजेडात तिरकी धरा. रिळाच्या कडेवर पांढरट पावडर, ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ थर दिसला तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही. तिच्यातले कण हेडवर आणि रोलरवर बसतात आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागतात. अशी कॅसेट वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत काही दिवस ठेवा. ओलसर बुरशी फितीवर पसरते. सुकली की ती पावडर होते आणि पुसता येते. पुसताना तोंडावर मास्क हवाच, आणि काम गॅलरीत किंवा अंगणात करायचं. जुना कॅसेट रिवाइंडर मिळाला तर उत्तम: फीत धागे न सोडणाऱ्या मऊ कापडाच्या दोन घड्यांमधून हलकेच सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची, कापडाची जागा सारखी बदलायची. जोर लावायचा नाही.

पुराच्या कॅसेटचं वेगळं आहे. ओली असताना ती उन्हात ठेवणं किंवा हेअर ड्रायर मारणं दोन्ही घातक, कारण फीत वाकडी होते आणि चिकटते. ताज्या ओल्या कॅसेटवरचा गाळ डिस्टिल्ड वॉटरने धुऊन पंख्याच्या साध्या वाऱ्यावर सावलीत सुकवायची असते. पण आज हातात येणाऱ्या कॅसेटवर गाळ केव्हाच वाळलेला असतो. त्या फितीवर वाळूचे कण आहेत हे गृहीत धरा. न उघडता अशी कॅसेट चालवली तर हेड जाऊ शकतं. डबी उघडून, रीळ स्वच्छ करून दुसऱ्या चांगल्या डबीत बसवणं हाच मार्ग. कॅसेट एकच असेल आणि आत घरातल्या गेलेल्या माणसाचा आवाज असेल, तर हे काम येणाऱ्याकडेच द्या.

डबी उघडायची तर खालच्या बाजूचे पाच फिलिप्स स्क्रू काढायचे, डबी सरळ करून वरचं झाकण उचलायचं. आत दोन रिळं, त्यांचे ब्रेक आणि एक बारीक स्प्रिंग असते. ती स्प्रिंग उडते. म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढा, मगच काही हलवा. फीत कोणत्या खांबाच्या आतून आणि कोणत्या बाहेरून गेली आहे, हे फोटोशिवाय लक्षात राहत नाही.

फीत तुटली असेल तर सेलोटेप कधीही लावू नका. त्याचा डिंक कडेने बाहेर येतो आणि हेडवर जाऊन बसतो. जोडायला स्प्लायसिंग टेपच हवी, तीही फितीच्या पाठीमागच्या बाजूला, हेडला घासणाऱ्या बाजूला नाही. जोड झाल्यावर तो भाग हेडवरून न्यायचा नाही: जोडाच्या पुढे रिवाइंडरवर जा आणि तिथून चालवा. दोन-चार सेकंदांचं शूटिंग जाईल, ते जाऊ द्या.

कॅसेट बाहेरून चांगली असली तरी वर्षानुवर्षे पडून राहिलेली असेल तर चालवण्याआधी एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत रिवाइंड करा. रिळाचा ताण सारखा होतो, चिकटलेले फेरे सुटतात. बाजारातल्या 240 मिनिटांच्या कॅसेटची फीत 180 वाल्यापेक्षा पातळ असते. ती ताणली जाते, म्हणून तिला झटके देऊ नका. पावसाळ्यात गार खोलीतून आणलेली कॅसेट आणि मशीन अर्धा तास खोलीच्या हवेत राहू द्या. ड्रमवर (हेड बसवलेला फिरता गोल भाग) ओल धरली की फीत त्याला चिकटते आणि गुंडाळली जाते.

चित्रात मुंग्या आणि पट्टे

पूर्ण पडदाभर मुंग्या, आवाज मात्र येतोय: हेड भरलं आहे. मुंग्या आणि चित्र यांचं एकाआड एक मिश्रण, जणू निम्म्या ओळी गेल्यात: दोनपैकी एक हेड भरलं आहे. पाल पद्धतीत (भारतातल्या टीव्हीची पद्धत) ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेतो, आणि प्रत्येक फेरीत दोन हेड एकेक फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र, वाचतात. म्हणून एक हेड बंद पडलं की अर्धंच चित्र येतं.

साफ करायला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मेडिकलमधलं स्पिरिट चालत नाही, त्यात पाणी असतं. कापूस गुंडाळलेल्या काड्या तर अजिबात नकोत, त्यांचा तंतू हेडच्या टोकाला अडकला तर हेडच तुटतं. मऊ चामड्याचा किंवा तंतू न सुटणारा तुकडा अल्कोहोलने ओला करून ड्रमच्या कडेला स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या भागाला धरून हळू फिरवायचा. कापड हलवायचं नाही, आणि वर-खाली तर मुळीच पुसायचं नाही. मशीनचा प्लग काढलेला हवा. त्यासोबत बाजूचं स्थिर हेड (आवाजाचं आणि कंट्रोल ट्रॅकचं) आणि रबराचा रोलर पुसा. आवाज गोंगाटात दबलेला, बोबडा येत असेल तर दोष बहुधा या स्थिर हेडवरच्या मळात असतो, आणि लोक उगाच व्हिडिओ हेड घासत बसतात. पुसून झाल्यावर पंधरा मिनिटं सुकू द्या. झाकण उघडं ठेवून तपासताना ट्यूबलाइटचा किंवा उन्हाचा झोत आत पडू देऊ नका: फितीचं टोक ओळखायला आत प्रकाशाचा सेन्सर असतो, तो गोंधळतो आणि मशीन आपोआप थांबतं.

आडवे पांढरे पट्टे एकाच जागी स्थिर असतील तर ट्रॅकिंग, म्हणजे फितीवरच्या रेषांशी हेडची जुळणी, नीट करा. ज्या कॅमेऱ्यावर शूटिंग झालं त्याची जुळणी आणि तुमच्या व्हीसीआरची जुळणी वेगळी असते. लग्नाचं शूटिंग पॅनासॉनिकच्या एम मालिकेतल्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यांवर होत असे, पुढे मिक्सरवर दुसऱ्या कॅसेटवर उतरवलं जाई, आणि घरात आलेली कॅसेट त्याचीही कॉपी असायची. ऑटो ट्रॅकिंगला हे जमलं नाही तर ते बंद करून हाताने एकेक पायरी पुढे-मागे करा. हाय-फाय व्हीसीआरवर ट्रॅकिंग जरा हललं की आवाजात भुणभुण येते. तेव्हा ऑडिओ 'नॉर्मल' किंवा 'मोनो' ट्रॅकवर ठेवा. साध्या कॅमेऱ्याने घेतलेल्या कॅसेटवर खरा आवाज तिथेच असतो.

पडद्याच्या अगदी तळाशी दिसणारी चार-सहा ओळींची खळबळ मात्र दोष नाही. तिथे एका हेडवरून दुसऱ्या हेडवर बदल होतो. जुन्या टीव्हीवर ती कडेबाहेर जात असे, संगणकावर दिसते. ती कापून चित्र ताणू नका. तळाची पट्टी काळी करा. ताणलं की ओळींची गुंफण बिघडते आणि हालचालीत करवतीसारखे दाते दिसतात.

वर सरकणारे आडवे पट्टे, भुणभुण

हळूहळू वर किंवा खाली सरकणारी रुंद काळपट पट्टी, आणि स्पीकरमध्ये बारीक 'हंऽऽ': हा अर्थिंगचा दोष. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. पट्टी गेली तर निदान पक्कं. उपाय: व्हीसीआर, लॅपटॉप आणि टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, तीन पिनी प्लगवर, आणि बोर्डाला खरंच अर्थिंग आहे का ते टेस्टरने पाहून. केबलची वायर टीव्हीला लागलेली असेल तर ती काढा, कारण तीच बऱ्याचदा लांबच्या अर्थिंगशी लूप बांधते. इन्व्हर्टर चालू असताना कॅप्चर करू नका. चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर चित्रात बारीक ओळी आणतो. भारनियमनाच्या गावात तीन तासांची कॅसेट रात्री लाइटची खात्री असेल तेव्हाच घ्या, किंवा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फाइल करत जा.

चित्र काळंपांढरं, गुंडाळत जाणारं, किंवा आवाजच नाही

हे कॅप्चरच्या सेटिंगचं काम आहे आणि पाच मिनिटांत सुटतं. भारतात पाल बी पद्धत: 625 ओळी, सेकंदाला 25 फ्रेम. स्वस्त यूएसबी कॅप्चर स्टिक बऱ्याचदा एनटीएससीवर (अमेरिकेतली पद्धत) उघडते. ड्रायव्हरच्या 'व्हिडिओ डिकोडर' पानात 'पाल बी' निवडा, रिझोल्यूशन 720 गुणिले 576, रंगाचा प्रकार वाययूवाय2. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर कॅनव्हास 1920 गुणिले 1080 ठेवून चित्र ताणू नका.

पाल निवडूनही काळंपांढरंच? इनपुट एस-व्हिडिओवर आहे आणि वायर पिवळ्या कंपोझिटला लागली आहे. इनपुट बदला. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी असते. मल्टिसिस्टम व्हीसीआर ती पाल टीव्हीला दाखवतो, पण त्या मधल्या मिश्र सिग्नलचे रंग कॅप्चर कार्डाला कळत नाहीत. अशा वेळी व्हीसीआरचं आउटपुट खरं एनटीएससी करा आणि पूर्ण काम 720 गुणिले 480, 29.97 फ्रेमवर एनटीएससी डीव्हीडी म्हणूनच पुरं करा. पालमध्ये बदलत बसलं की हालचाल झटके खाते.

आवाज फक्त डाव्या बाजूने येतोय: बऱ्याच व्हीसीआरला आवाजाचं एकच सॉकेट असतं. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये डावी बाजू दोन्ही बाजूंना द्या, झालं. आवाज अजिबातच नसेल आणि विंडोज 10 किंवा 11 असेल, तर सेटिंगमधल्या प्रायव्हसीत 'मायक्रोफोन'ची परवानगी बघा. विंडोज कॅप्चर स्टिकच्या आवाजालाही मायक्रोफोनच समजते, आणि परवानगी बंद असेल तर निमूट शांतता रेकॉर्ड करते.

घरच्याच कॅसेटवर 'कॉपी प्रोटेक्टेड' असा संदेश येऊन कॅप्चर थांबत असेल तर घाबरू नका. झिजलेल्या फितीचा सिंक सिग्नल (प्रत्येक ओळ आणि फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणारा) डळमळतो आणि कार्ड त्यालाच संरक्षणाचा इशारा समजतं. उपाय पुढच्या भागातलाच.

आवाज मागे पडतो: सगळ्यात जास्त विचारली जाणारी अडचण

इथे सावकाश जा, कारण तीन वेगळे दोष वरून सारखेच दिसतात.

आधी मोजा. अंदाजाने 'मागे पडतोय' म्हणून उपयोग नाही. कॅप्चर केलेल्या मूळ फाइलमध्ये तीन जागा शोधा: सुरुवात, मधोमध, शेवट. प्रत्येक ठिकाणी असा क्षण हवा जिथे आघात दिसतो आणि ऐकूही येतो. वरातीतली हलगी याला फार उपयोगी: काडी चामड्यावर पडते तो फ्रेम थांबवून दिसतो, आणि ऑडॅसिटीत तोच ठोका टोकदार उभ्या रेषेसारखा दिसतो. पण हलगीवाला कॅमेऱ्याजवळचा घ्या. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 34 मीटरवरच्या बँडचा ठोका मूळ शूटिंगमध्येच एक दशांश सेकंद उशिरा आलेला असतो आणि तुम्ही नसलेला दोष दुरुस्त करत बसाल. मंगलाष्टकं संपल्यावर एकदम वाजणारी वाजंत्री म्हणूनच वाईट खूण, कारण ती मांडवाबाहेर असते.

आता तीन आकडे समोर ठेवा.

तिन्ही जागी फरक सारखाच, समजा 0.3 सेकंद: सरळ सरकाव. आवाज तेवढा पुढे-मागे करा, काम संपलं.

फरक सारखा वाढत जातो, मध्यभागी अर्धा आणि शेवटी पूर्ण: दोन घड्याळांचा दोष. चित्र यूएसबी स्टिकमधून आणि आवाज संगणकाच्या लाइन-इनमधून घेतला की दोघांचे क्रिस्टल वेगवेगळे. दहा लाखांत शंभर इतकाच फरक असला तरी तासाला 0.36 सेकंद, तीन तासांच्या कॅसेटला सेकंदाच्या वर जातो. आवाज त्याच स्टिकच्या लाल-पांढऱ्या वायरींतून घ्या. व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॅप्चर' मेन्यूतलं 'टायमिंग' उघडून आवाज रिसॅम्पल करून चित्राशी जुळवण्याचा पर्याय निवडा. विंडोजच्या आणि सॉफ्टवेअरच्या दोन्ही ठिकाणी 48000 हर्ट्झ ठेवा, कारण डीव्हीडीला तेच लागतं. झालेली फाइल सुधारायची तर ऑडॅसिटीत वेग बदला: चित्र 10800 सेकंद आणि आवाज 10804 सेकंद असेल तर 0.037 टक्के वाढवायचा. एवढ्याने सूर बदललेला कोणाला कळत नाही.

फरक पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो, चाळीस मिनिटं काही नाही आणि एका जागी एकदम अर्धा सेकंद: फ्रेम गळल्या आहेत. एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद, पंचवीस गळल्या की एक सेकंद. चित्र आखूड होतं आणि पुढे पळतं, म्हणून आवाज मागे राहिल्यासारखा वाटतो. याउलट आवाज चित्राच्या पुढे पळत असेल तर आवाजाचे तुकडे गळले आहेत किंवा सॉफ्टवेअरने जास्तीच्या फ्रेम घातल्या आहेत. दिशा पाहूनच अर्धं निदान होतं. हा दोष वेग बदलून जात नाही: पहिला भाग जुळला तर दुसरा बिघडतो. पायरी जिथे आहे तिथे फाइल कापून प्रत्येक तुकड्याचा आवाज वेगळा सरकवावा लागतो.

फ्रेम का गळतात? दोन कारणं, आणि ती ओळखायला सोपी आहेत. गळती कॅसेटच्या ठरावीक जागीच होते का, ते बघा. तोच भाग पुन्हा कॅप्चर करा.

दर वेळी वेगळ्या जागी गळती झाली तर संगणक कमी पडतो आहे. कॅप्चर करताना अँटिव्हायरसचं स्कॅन, विंडोज अपडेट, स्क्रीन सेव्हर आणि स्लीप बंद. स्टिक यूएसबी हबमध्ये नको, थेट मागच्या पोर्टात. त्याच संगणकाच्या यूएसबीला लावलेल्या बाहेरच्या जुन्या डिस्कवर लिहू नका. आतल्या एसएसडीवर किंवा दुसऱ्या अंतर्गत हार्ड डिस्कवर लिहा. न दाबलेलं पाल चित्र सेकंदाला जवळजवळ 21 मेगाबाइट होतं. हफवाययूव्ही किंवा यूटी व्हिडिओ कोडेक (चित्र न बिघडवता फाइल दाबणारा) लावला की तासाला साधारण 30 ते 36 जीबी. तीन तासांच्या कॅसेटला शंभरेक जीबी मोकळी जागा हवी. ड्राइव्ह एफएटी32 असेल तर फाइल 4 जीबीवर थांबेल, एनटीएफएस करा. कॅप्चर करतानाच एमपीईजी-2 मध्ये (डीव्हीडीवरच्या चित्राचा प्रकार) दाबायचा मोह टाळा, कारण मग जुना प्रोसेसर धापा टाकतो आणि नंतर दुरुस्तीला वावही उरत नाही.

दर वेळी त्याच जागी गळती झाली तर कॅसेटचा सिंक तिथे तुटतो आहे. घरच्या कॅमेऱ्याच्या कच्च्या शूटिंगमध्ये हे फार दिसतं, कारण कॅमेरा बंद-चालू केला त्या प्रत्येक सांध्यावर सिग्नल क्षणभर फाटतो. मधेच कोरी जागा असेल तर कॅप्चर थांबतंही. इथे महागडा संगणक घेऊन काही होत नाही. मधे टाइम बेस करेक्टर हवा, जो प्रत्येक ओळ वेळेवर पुढे सोडतो. स्वतंत्र यंत्र परवडत नसेल तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर कामाला येतो: व्हीसीआरची वायर त्याच्या इनपुटला आणि त्याच्या आउटपुटची वायर स्टिकला. डिस्क घालायची नाही, रेकॉर्ड करायचं नाही, नुसता मधून जाऊ द्यायचा. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस10 आणि ईएस15 याच कामासाठी नावाजलेले आहेत. चित्राचा वरचा वाकलेला भागही यानेच सरळ होतो, आणि 'कॉपी प्रोटेक्टेड'चा खोटा इशाराही बहुतेक वेळा थांबतो. फुनाईने जुलै 2016 मध्ये उत्पादन बंद केल्यापासून नवीन व्हीसीआर बनत नाही, तेव्हा भंगारात निघालेला चालू व्हीसीआर किंवा डीव्हीडी रेकॉर्डर दिसला तर सोडू नका.

कॅप्चर चालू असताना व्हर्च्युअलडबच्या बाजूच्या पट्टीत 'ड्रॉप्ड' आणि 'इन्सर्टेड' असे दोन आकडे असतात. डोळा तिथे ठेवा. पहिल्या दहा मिनिटांत 'ड्रॉप्ड' वाढायला लागला तर थांबा आणि कारण शोधा. तीन तास पुरे होऊ देण्यात अर्थ नाही. 'टायमिंग'मध्ये फ्रेम लांब पडल्यास रिकामी फ्रेम घालण्याची खूण ठेवा, त्यामुळे एखाद-दुसरी गळली तरी लांबी टिकते.

कॅप्चर चांगलं, डीव्हीडीवर हालचाल थरथरते

फील्डचा क्रम उलटा झाला. प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड असतात. आधीची नंतर दाखवली की माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा चालताना दिसतो. बहुतेक ॲनालॉग कॅप्चर स्टिक वरचं फील्ड आधी देतात, मिनी डीव्हीवरून फायरवायरने आलेली फाइल खालचं आधी. एन्कोडरमध्ये तेच सांगावं लागतं. तपासायला कॅमेरा झपाट्याने फिरलेला तुकडा घ्या, बावधनच्या बगाडामागे धावणाऱ्या गर्दीसारखा, एक मिनिटाची डीव्हीडी करा आणि ती टीव्हीवर बघा. लॅपटॉपवर कळत नाही.

डीव्हीडीसाठी डीइंटरलेस (दोन फील्डची गुंफण सोडवणं) करू नका, प्लेअर आणि टीव्ही ते स्वतः करतात. मोबाइलवर पाठवायची प्रत वेगळी काढा. तिच्यासाठी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसचं 'बॉब' निवडलं तर सेकंदाला 50 फ्रेमची हालचाल टिकते.

लाल शालूचा रंग कडेबाहेर सांडलेला दिसणं हे व्हीएचएसचंच अंग आहे. रंगाची बारकाई त्या पद्धतीत फार कमी. रंग वाढवून तो नीट होत नाही, उलट पसरतो. शालूचा ठसा उजवीकडे सरकलेला असेल तर क्रोमा (चित्रातला रंगाचा भाग) डावीकडे दोन-चार पिक्सेल सरकवणारा फिल्टर वापरा.

किती मिनिटं एका डिस्कवर

4.7 जीबीची डिस्क म्हणजे संगणक दाखवतो ते 4.38. एक तासाला 8 मेगाबिट प्रति सेकंद बसतं. दोन तासांसाठी हिशोब साधारण 5.2 येतो, त्यातून आवाजाचे 0.2 आणि थोडी फट वजा केली की चित्राला 4.8. तीन तास एका डिस्कवर कोंबले की चित्राला 3.1 उरतात आणि व्हीएचएसच्या मुंग्यांतच ते संपतात, चेहऱ्यांवर चौकटी उठतात. तीन तासांच्या कॅसेटच्या दोन डिस्क करा. आवाज एसी3 मध्ये 192 किंवा 256 किलोबिट ठेवा. पीसीएममध्ये (न दाबलेला) ठेवला तर तोच दीड मेगाबिट खातो. चित्राची मर्यादा 9.8 आहे, पण घरी जाळलेल्या डिस्कवर 8 च्या वर जाऊ नका, जुने प्लेअर अडखळतात.

डीव्हीडीस्टाइलरमध्ये मेन्यू आणि चॅप्टर करा, फोल्डर तपासा, मग इमजीबर्न (ImgBurn) या सॉफ्टवेअरने जाळा.

संगणकात चालते, प्लेअरवर नाही

बहुतेक वेळा एव्हीआय किंवा एमपी4 फाइल डेटा म्हणून जाळलेली असते. साध्या प्लेअरला 'व्हिडिओ टीएस' फोल्डर हवं. ते असूनही चालत नसेल तर डिस्क फायनलाइज (लिहिणं संपवून बंद) झाली का पाहा. मग डिस्क बदला: डीव्हीडी-आर घ्या, पुनर्लेखनाची नको, जुने प्लेअर तिला कमी ओळखतात. 16 एक्सची डिस्क 8 एक्सवर जाळा, 'व्हेरिफाय'ची खूण ठेवा. लॅपटॉपला बाहेरून लावलेला रायटर मध्येच सुटत असेल तर त्याला वीज कमी पडते आहे, वाय वायरीची दोन्ही टोकं दोन पोर्टांत लावा. डिस्कवर लिहायला पाण्याच्या शाईचा मार्कर, तोही मधल्या पारदर्शक कड्यावर; कागदी लेबल चिकटवलं तर डिस्क फिरताना डगमगते.

हफवाययूव्हीची मूळ फाइल डीव्हीडी झाल्यावर लगेच पुसू नका. ती वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि कॅसेटही टाकू नका: पूर्ण रिवाइंड करून, उभी, टीव्हीच्या स्पीकरपासून लांब, सिलिका जेलच्या पुडीसोबत. पाटण-महाबळेश्वरकडे ती पुडी दर पावसाळ्याआधी बदला.